अमेरिकेतील शहरात छोटी चार्टर शाळा कशी उभी राहते : पहिल्या बैठकीपासून पहिल्या नूतनीकरणापर्यंत

सप्टेंबर १९९२मध्ये मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराच्या पूर्व भागात, एका सार्वजनिक करमणूक केंद्राच्या इमारतीत सिटी अकॅडमी नावाची शाळा सुरू झाली. मायलो कटर आणि टेरी क्राबेल या दोन शिक्षकांनी ती काढली होती. पहिल्या वर्षी पटावर जेमतेम पस्तीसेक मुले होती आणि त्यांतील बहुतेकांनी नेहमीची शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. अमेरिकेतील ही पहिली चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र बोर्डाने ठरावीक मुदतीच्या सनदेवर चालवलेली सार्वजनिक शाळा. तिच्या आदल्या वर्षी मिनेसोटाच्या विधिमंडळाने देशातील पहिला चार्टर कायदा संमत केला होता आणि तो फार जपून केलेला होता: सबंध राज्यात आठच शाळा, सनदेची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे, स्थानिक शिक्षण मंडळाची मान्यता आवश्यक आणि शाळेच्या संचालक मंडळावर तिथल्याच शिक्षकांचे बहुमत.

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षात देशभर ७,८०० च्या आसपास चार्टर शाळा आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले होती. या क्षेत्रात आता मोठ्या साखळी-संस्थांचा बोलबाला आहे. तरीही चार-दोन शिक्षकांनी आणि वस्तीतल्या पालकांनी एकत्र येऊन एकच लहान शाळा काढावी, हे अजूनही घडते. अशा गटाला हिशेब, कायदा, बांधकाम किंवा माहिती-व्यवस्थापन जाणणारी माणसे हवी असतात, त्यामुळे न्यू जर्सीत, बोस्टनमध्ये किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी माणसाला ‘आमच्या बोर्डावर याल का’ अशी विचारणा होऊ शकते. हे लिखाण मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे. शिकवण्याच्या पद्धतींविषयी यात फारसे काही सापडणार नाही. पहिल्या तीन वर्षांत लहान शाळा बुडते ती बहुधा पटसंख्या, रोकड आणि इमारत या तीन कारणांनी, आणि म्हणून जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

शाळा कोणाची असते

आपल्याकडे शाळा म्हटली की संस्था आली आणि संस्था म्हटली की संस्थाचालक आले. जुनी अनुदानित शाळा असो किंवा महाराष्ट्राच्या २०१२च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमाखाली निघालेली नवी शाळा असो, संस्था कायमची आणि शाळा तिच्या मालकीची, ही समजूत आपल्या हाडीमाशी भिनलेली आहे. चार्टर शाळेच्या कामात शिरताना ती आधी बाजूला ठेवावी लागते.

चार्टर शाळा ही सार्वजनिक शाळा असते. तिला फी घेता येत नाही, प्रवेशपरीक्षा घेता येत नाही आणि धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिचा खर्च सरकारी पैशातून, मुलांच्या संख्येप्रमाणे चालतो. ती चालवणारे बोर्ड मात्र स्वतंत्र असते आणि त्या बोर्डाचा एका ऑथरायझरशी, म्हणजे सनद देणाऱ्या सार्वजनिक यंत्रणेशी, ठरावीक मुदतीचा करार असतो. वेळापत्रक, नेमणुका, अभ्यासक्रम यांत मोकळीक मिळते. तिच्या बदल्यात मुले काय शिकली आणि पैसा कसा खर्च झाला याचा जाब मुदतीअखेर द्यावा लागतो. ही मुदत बहुतेक राज्यांत पाच वर्षांची असते. न्यू जर्सीत पहिली सनद चार वर्षांची मिळते, तर ॲरिझोना आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये ती पंधरा वर्षांची असते. करार पुढे वाढला नाही तर शाळा बंद होते, मग संस्थापक कितीही मान्यवर असोत. आपल्याकडे या रचनेच्या जवळ जाणारे उदाहरण म्हणजे मुंबई आणि पुण्यात महापालिकेशी भागीदारी करून आकांक्षा फाउंडेशनने चालवलेल्या शाळा.

आधी राज्याचा कायदा वाचा

चार्टरविषयी संघराज्याचा एकच कायदा नाही. प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, आणि एका राज्यातला अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालत नाही. म्हणून कल्पना कितीही सुंदर असली तरी पहिले दोन-तीन आठवडे कायदा वाचण्यात घालवावेत आणि तीन प्रश्नांची उत्तरे लेखी काढून ठेवावीत: सनद कोण देतो, नवीन सनदा शिल्लक आहेत का आणि अर्ज करण्याचा हक्क कोणाला आहे.

न्यू जर्सीत ऑथरायझर एकच, तो म्हणजे राज्याचा शिक्षण आयुक्त. तिथे १९९५च्या कायद्याने शिक्षक आणि पालक यांना अर्ज करण्याचा हक्क दिलेला आहे. न्यूयॉर्क राज्यात राज्य विद्यापीठाचे विश्वस्त मंडळ आणि बोर्ड ऑफ रीजंट्स, म्हणजे राज्याच्या शिक्षणावर देखरेख करणारे मंडळ, असे दोन मुख्य दरवाजे आहेत, पण न्यूयॉर्क शहरापुरता सनदांचा कोटा २०१९मध्ये संपला. बंद पडलेल्या किंवा परत केलेल्या चौदा सनदा पुन्हा देण्याची मुभा २०२३मध्ये मिळाली, एवढीच काय ती फट. मॅसॅच्युसेट्समध्ये मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव २०१६च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के मतदारांनी फेटाळला. कॅलिफोर्नियात अर्जाला सह्यांची जोड लागते: पहिल्या वर्षी अपेक्षित असलेल्या मुलांच्या निम्म्या संख्येइतक्या पालकांच्या, किंवा अपेक्षित शिक्षकांपैकी निम्म्यांच्या. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर नव्या शाळेचा शेजारच्या सरकारी शाळांवर काय आर्थिक परिणाम होईल, हेही तिथला शालेय जिल्हा, म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, विचारात घेऊ शकतो.

कोटा संपलेला असेल तर थांबावे किंवा आधीच चालू असलेल्या एखाद्या लहान शाळेच्या बोर्डावर जावे. कायदा बदलेल या आशेवर इमारत शोधत फिरणाऱ्या गटाचा उत्साह आणि पैसा दोन्ही वर्षभरात आटतात.

पहिल्या गंभीर बैठकीपासून शाळेची घंटा वाजेपर्यंत दीड ते दोन वर्षे धरावीत. अर्ज वर्षातून ठरावीक काळातच स्वीकारले जातात, त्यामुळे एक तारीख चुकली की वर्ष जाते.

वस्तीला शाळा हवी आहे का

संस्थापकांना शाळा हवी असते, हे उघडच आहे. वस्तीला ती हवी आहे की नाही, हे वेगळे शोधावे लागते. त्यासाठी आसपासच्या सरकारी शाळांचे निकाल, तिथली हजेरी, मुले कोणत्या इयत्तेत शाळा बदलतात आणि कोणत्या भाषा घरी बोलतात याची माहिती राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर मिळते. ती वाचून मगच लोकांत जावे. पाळणाघरे, ग्रंथालये, चर्चचे सभागृह, धुलाईकेंद्रे, बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने अशा ठिकाणी पालक भेटतात. पहिल्या काही भेटींत माहितीपत्रक वाटूच नये, ऐकावे. सकाळी साडेसातला मूल सोडता येईल का, संध्याकाळी सहापर्यंत थांबवता येईल का, बस असेल का, मोठ्या भावाची शाळा सुटते त्या वेळेशी जुळेल का, हे प्रश्न आधी येतात. गणित कोणत्या पद्धतीने शिकवणार, हे नंतर, आणि तेही थोडेच जण विचारतात.

इथे पालकांकडून ‘शाळा सुरू झाल्यास मूल पाठवू’ असे इच्छापत्र भरून घेतात. ऑथरायझरला दाखवायला ते उपयोगी पडते, परंतु त्यावर अंदाजपत्रक बांधू नये. सही करायला काही लागत नाही. दीड वर्षानंतर, न पाहिलेल्या इमारतीत, निकाल नसलेल्या शाळेत पोटचे मूल घालायला बरेच लागते.

मराठी किंवा एखादी भारतीय भाषा शिकवणारी चार्टर शाळा काढता येईल का, असा प्रश्न आपल्या मंडळींत कधी तरी निघतो. भाषेला वाहिलेली शाळा काढता येते. ब्रुकलिनमध्ये २००९पासून हिब्रू भाषेची एक चार्टर शाळा आहे. मात्र जागा कोणत्याही समाजासाठी राखून ठेवता येत नाहीत, धर्माला वर्गात स्थान नाही, आणि लॉटरीतून, म्हणजे प्रवेशाच्या सोडतीतून, येणाऱ्या अनेक मुलांच्या घरी ती भाषा कोणीही बोलत नसेल, हे धरूनच आखणी करावी लागते. रविवारी भरणाऱ्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेचा विस्तार म्हणून याकडे पाहू नये. त्या शाळेचे काम निराळे आहे आणि ती जिथे आहे तिथे ठीक आहे.

बोर्ड

सात ते नऊ जण पुरेत. त्यांत एक हिशेब तपासू शकणारा, एक वकील, एक भाडेकरार आणि बांधकाम समजणारा, एक विशेष शिक्षणाचा अनुभव असलेला, एक पूर्वी शाळा चालवलेला आणि त्याच वस्तीत राहणारे किमान दोघे असावेत. शेवटच्या दोघांची नेमणूक केवळ दाखवण्यापुरती झाली तर ते सार्वजनिक सुनावणीत अचूक उघडे पडते, कारण तिथे पहिला प्रश्न ‘तुमच्यापैकी इथे राहतो कोण’ हाच असतो.

ना-नफा संस्था राज्याकडे नोंदवून संघराज्याच्या करखात्याकडे फॉर्म १०२३ भरावा, म्हणजे ५०१(सी)(३) हा करमुक्त दर्जा मिळतो. नोंदणीपासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केल्यास तो दर्जा नोंदणीच्या तारखेपासून लागू होतो. हितसंबंधांच्या संघर्षाविषयीचे धोरण पहिल्याच बैठकीत संमत करावे आणि ते मनापासून पाळावे. बोर्डावरील माणसाच्या मेहुण्याची इमारत भाड्याने घेणे, संस्थापकाच्या पत्नीला ग्रंथपाल नेमणे, या गोष्टी आपल्याकडे ‘घरचे माणूस आहे, विश्वासाचे आहे’ म्हणून खपून जातात. इथे पैसा सार्वजनिक असल्यामुळे त्या चौकशीपर्यंत आणि सनद जाण्यापर्यंत पोचतात. बहुतेक राज्यांत बोर्डाच्या सभा खुल्या ठेवण्याचा कायदाही लागू होतो: सभेची सूचना आधी द्यायची, इतिवृत्त लोकांना पाहता आले पाहिजे आणि व्हॉट्सॲपच्या गटावर ठराव करायचे नाहीत.

एखादी व्यवस्थापन कंपनी ‘सगळे आम्ही पाहतो, तुम्ही फक्त बोर्ड व्हा’ असे सांगत येते. तिचा करार वाचताना तीनच कलमे आधी पाहावीत: शुल्क कशाच्या किती टक्के, टेबल-खुर्च्यांपासून अभ्यासक्रमापर्यंतची मालकी कोणाची, आणि करार मोडल्यास इमारतीत राहण्याचा हक्क कोणाचा. ही उत्तरे शाळेच्या बाजूची नसतील तर उठून यावे.

अर्ज

अर्जात ध्येय, अभ्यासक्रम, वार्षिक दिनदर्शिका, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची सोय, विशेष शिक्षण, शिस्तीचे नियम, नेमणुकांचा तक्ता आणि पाच वर्षांचे अंदाजपत्रक असते. जोडपत्रे धरून तो शेकडो पानांचा होतो. तो पगारी सल्लागाराकडून लिहून घेण्याचा मोह होतो, पण त्यात एक व्यावहारिक अडचण आहे. अर्ज वाचल्यानंतर ऑथरायझर बोर्डाला मुलाखतीला बोलावतो, आणि तिथे खजिनदाराला ‘पटसंख्या वीस टक्क्यांनी कमी भरली तर कोणती पदे रद्द कराल’ असे विचारले जाते. ज्याने आकडे स्वतः मांडलेले नाहीत, त्याला तिथे उत्तर सुचत नाही.

अर्जाचे सगळे भाग एकमेकांशी जुळले पाहिजेत. शाळेचा दिवस आठ तासांचा असेल तर तो शिक्षकांच्या पगारात दिसला पाहिजे. प्रत्येक वर्गात दोन शिक्षक असे लिहिले असेल तर अंदाजपत्रकातही दोन हवेत. पहिल्याच खेपेला नकार येणे नवलाचे नाही. नकाराची कारणे लेखी मागवून दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करणारे गट पुष्कळ असतात आणि त्यांचा दुसरा अर्ज सहसा बराच सुधारलेला असतो.

पैसा

एक उदाहरण घेऊ. समजा, दर मुलामागे १४,००० डॉलर मिळतात आणि पहिल्या वर्षी ९० मुले धरली आहेत. म्हणजे उत्पन्न १२,६०,००० डॉलर. प्रत्यक्षात ७६ मुले आली, तर उत्पन्न १०,६४,००० डॉलर होते आणि १,९६,००० डॉलरची तूट पडते. एका शिक्षकाचा पगार, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतन मिळून ७५,००० डॉलर धरले, तर ही तूट अडीच शिक्षकांइतकी आहे. मात्र चौदा मुले कमी आली म्हणून अडीच शिक्षक कमी करता येत नाहीत, कारण कमी झालेली मुले तीन-चार वर्गांत विखुरलेली असतात. इमारतीचे भाडे, प्रिन्सिपलचा पगार, लेखापरीक्षण यांत तर एक डॉलरही कमी होत नाही. मोठी शाळा असा धक्का पचवते, लहान शाळेचा कणा त्याने मोडू शकतो.

म्हणून अंदाजपत्रके तीन करावीत. एक अपेक्षित पटाचे, एक दहा टक्के कमी पटाचे, आणि एक पंचवीस टक्के कमी पटाचे. तिसऱ्या अंदाजपत्रकात कोणते पद भरायचे नाही आणि कोणती खरेदी पुढे ढकलायची, हे नावानिशी लिहून ठेवावे. पंचवीस टक्के पट कमी भरल्यावर शाळा उभीच राहू शकत नसेल, तर ती योजना अजून शाळा काढण्याइतकी पक्की झालेली नाही, असे मी मानतो. पगार आणि त्याला जोडलेले लाभ यांवर साठ ते सत्तर टक्के खर्च होतो. इमारतीवर पंधरा टक्क्यांहून जास्त जाऊ लागले तर पुढची कात्री वर्गातल्या खर्चावरच चालते.

अंदाजपत्रक जुळणे निराळे आणि बँकेत रोकड असणे निराळे. शिक्षक ऑगस्टमध्ये प्रशिक्षणाला येतात आणि पगार तेव्हापासून सुरू होतो. फर्निचर, पुस्तके, संगणक जुलैत घ्यावे लागतात. सरकारी पैसे मात्र काही राज्यांत दरमहा, काही ठिकाणी दोन महिन्यांनी येतात. १९९४पासून नव्या चार्टर शाळांसाठी संघराज्याचे अनुदान आहे आणि नियोजन व सुरुवातीच्या खर्चाला त्याचा मोठा आधार होतो. पण बहुतेक ठिकाणी ते परतफेडीच्या पद्धतीने मिळते, म्हणजे खर्च आधी तुम्ही करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग वाट पाहायची. त्यामुळे कागदावर श्रीमंत असलेल्या शाळेला ऑक्टोबरचा पगार काढता येत नाही, असा प्रसंग येतो. यावर उपाय म्हणजे आठवड्यागणिक रोकड येण्याजाण्याचा तक्ता, उघडण्यापूर्वीच मंजूर करून घेतलेली बँकेची कर्जमर्यादा आणि एखाद्या स्थानिक प्रतिष्ठानाची देणगी. येणाऱ्या सरकारी पैशावर चढ्या दराने उचल देणारे सावकारही या क्षेत्रात आहेत. त्यांच्या दारात एकदा गेलेली शाळा पुढच्या वर्षी पुन्हा जाते.

इमारत

लहान शाळेचा सर्वांत जास्त वेळ खाणारे काम हेच. राज्य बहुधा इमारत देत नाही. न्यूयॉर्क शहरातील शाळांना २०१४च्या कायद्याने सरकारी इमारतीत जागा किंवा भाड्याला मदत मिळण्याचा मार्ग झाला आणि कॅलिफोर्नियात २०००च्या प्रस्ताव ३९ने जिल्ह्यांवर जागा देण्याची जबाबदारी टाकली, पण हे अपवाद आहेत. बाकीच्यांनी बंद पडलेली कॅथलिक शाळा, चर्चचे तळघर, वायएमसीएचा मजला, जुने गोदाम किंवा दुकान अशा जागा शोधायच्या. यांत बंद पडलेली शाळेची इमारत सर्वांत बरी, कारण तिथे वर्ग, स्वच्छतागृहे आणि मैदान आधीच असते. चर्चकडून जागा घेतली तर मुलांच्या वापराच्या भागातील धार्मिक चिन्हे काढावी किंवा झाकावी लागतात. हे करारातच लिहावे, म्हणजे नंतर कोणाचे मन दुखावत नाही.

जागा आवडल्यावर सही करण्याआधी वास्तुविशारदाला आणि अग्निशमन खात्याच्या निरीक्षकाला ती दाखवावी. कार्यालय किंवा सभागृह म्हणून चालणारी इमारत शाळा म्हणून चालतेच असे नाही. वापराचा प्रकार बदलला की स्प्रिंकलर, धोक्याची घंटा, दुसरा जिना, दरवाजांची रुंदी, अपंगांसाठी उतार, सगळेच नव्याने लागू होते. जुन्या इमारतीत १९८६च्या कायद्यानुसार ॲस्बेस्टॉसची तपासणी आणि व्यवस्थापन-योजना लागते, पाण्यातील आणि रंगातील शिसेही तपासावे. वरवर स्वस्त वाटणारे गोदाम या कामांमुळे दुपटीने महाग पडते.

भाडेकरारात दोन कलमे नसतील तर सही करू नये. पहिले, सनद न मिळाल्यास किंवा रद्द झाल्यास करार आपोआप संपेल. दुसरे, पट वाढेल तशी शेजारची जागा आधी शाळेला देऊ केली जाईल. आणि ऑगस्टअखेर वापर-परवाना हातात आला नाही तर पहिले महिनाभर वर्ग कुठे भरवायचे, ही पर्यायी जागा एप्रिलमध्येच बोलून ठेवावी. बांधकाम वेळेत संपत नाही, हे गृहीत धरावे. तो नियम इथेही चालतो.

प्रवेश आणि लॉटरी

अर्ज कोणालाही करता येतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. भावंडांना बहुतेक राज्यांत प्राधान्य देता येते. सोडत लोकांसमोर काढावी, बोर्डाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातून काढावी आणि प्रतीक्षायादी क्रमाने जाहीर करावी. अर्जावर फक्त नाव, पत्ता, इयत्ता आणि संपर्क विचारावा. अपंगत्व आहे का, नागरिकत्व कोणते, सोशल सिक्युरिटी क्रमांक काय, असले प्रश्न त्यावर असता कामा नयेत. देशात राहण्याची कागदपत्रे नसलेल्या कुटुंबातील मुलांनाही सार्वजनिक शाळेत शिकण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये प्लायलर खटल्यात दिलेला आहे. वस्तीत स्पॅनिश, हैतीयन क्रिओल किंवा बंगाली बोलली जात असेल तर अर्ज त्या भाषेत छापावा आणि ती भाषा बोलणारे माणूस फोनवर असावे.

सोडतीनंतरचे काम अधिक चिवट आहे. जागा मिळालेल्या पालकांनी मे महिन्यात होकार दिला तरी सप्टेंबरात मूल येईलच असे नाही. मधल्या काळात त्यांना दुसऱ्या शाळेतूनही बोलावणे येते. जूनमध्ये घरी भेट, जुलैत गणवेशाची मापे, ऑगस्टमध्ये शिक्षकांशी ओळख असा संपर्क सतत ठेवावा आणि दर आठवड्याला प्रत्येक नावापुढे ‘पक्के’, ‘डळमळीत’, ‘संपर्क नाही’ अशी नोंद करावी. यासाठी एक पूर्णवेळ माणूस लागतो. संस्थापकांना तो खर्च अनाठायी वाटतो, पण वरच्या उदाहरणात तीन-चार मुले राखली तरी त्याचा जवळजवळ सगळा पगार निघतो.

विशेष शिक्षण

अपंगत्व असलेल्या मुलांना योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी संघराज्याच्या कायद्याने इतर सरकारी शाळांइतकीच चार्टर शाळांवरही आहे. काही राज्यांत चार्टर शाळा या कामासाठी स्वतःच जिल्हा मानली जाते, काही ठिकाणी मूळ जिल्हा जबाबदारी वाटून घेतो; आपली शाळा कोणत्या प्रकारात मोडते, हे सनदेच्या करारात स्पष्ट हवे. मूल येते तेव्हा त्याची आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षणयोजना, सोबत येते आणि ती पहिल्या दिवसापासून अमलात आणावी लागते. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, समुपदेशन यांसाठी पूर्णवेळ माणसे नेमणे छोट्या शाळेला परवडत नाही, म्हणून तासावर सेवा देणाऱ्यांशी करार उन्हाळ्यातच करावेत. शक्य असल्यास शेजारच्या दोन-तीन चार्टर शाळांनी मिळून एक तज्ज्ञ वाटून घ्यावा. एखाद्या मुलाला दिवसभर सोबतीला स्वतंत्र साहाय्यक लागतो आणि तो खर्च अंदाजपत्रकात नसतो. त्यासाठी राखीव निधी हवा.

‘तुमच्या मुलाला आमची शाळा मानवणार नाही’ असे पालकांना गोड शब्दांत सुचवणे हा या क्षेत्रावरील जुना आणि अनेक ठिकाणी खरा ठरलेला आरोप आहे. हे बेकायदा आहे, इतकेच नव्हे तर जी शाळा असे करते तिचे निकाल वाचण्यात अर्थ उरत नाही.

माणसे

प्रिन्सिपल शाळा उघडण्याच्या वर्षभर आधी नेमावा. पैसे नाहीत म्हणून ही नेमणूक एप्रिलवर ढकलली तर शिक्षक निवडणे, वेळापत्रक, पालकभेटी आणि इमारत हे सगळे एकाच वेळी त्याच्या अंगावर येते. संस्थापक स्वतःच प्रिन्सिपल होणार असेल तर बोर्डाचा अध्यक्ष त्याला ‘नाही’ म्हणू शकणारा असला पाहिजे. उलट बाजूने, बोर्डाने प्रिन्सिपलला काम करू द्यावे: त्याची नेमणूक, वार्षिक मूल्यमापन, अंदाजपत्रक आणि धोरण हे बोर्डाचे, आणि कोणत्या शिक्षकाने कोणता वर्ग घ्यायचा हे त्याचे. शिक्षकांच्या मुलाखतींत वर्गात पाठ घ्यायला लावावा, मग त्यावर सूचना द्याव्यात आणि तोच पाठ पुन्हा घ्यायला सांगावा. दुसऱ्या पाठात जो फरक दिसतो, तो प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त सांगतो.

पहिले वर्ष

पहिले सहा आठवडे ये-जा, जेवण, रांगा, उशिरा येणारी मुले आणि हजेरी यांतच जातात, आणि तसेच जावेत. हे बसले नाही तर अभ्यासक्रम कितीही चांगला असून चालत नाही. त्याच सुमारास पटमोजणीचा दिवस येतो, कारण ठरलेल्या तारखेच्या पटावर पैसे ठरतात. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११मध्ये झालेली पटपडताळणी ज्यांना आठवते, त्यांना फुगवलेल्या पटाचे पुढे काय होते हे सांगायला नको. इथे लेखापरीक्षक मुलाचा पत्ता, हजेरी आणि प्रवेशाचे कागद पडताळतो, आणि जादा घेतलेले पैसे परत करावे लागतात. शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद त्याच दिवशी करावी.

बोर्डाने दर महिन्याला एक पानाचा तक्ता मागावा: पट, हजेरी, निलंबनांची संख्या, बँकेतील रोकड किती दिवस पुरेल, आणि वाचन-गणिताच्या चाचण्यांतील प्रगती. निलंबनांचा आकडा मुद्दाम मांडला आहे. कडक शिस्तीचे आकर्षण नव्या शाळांना फार असते, आणि तिचा बोजा कोणत्या मुलांवर पडतो हे तक्त्याशिवाय कळत नाही.

वाढ

एका वेळी एकच इयत्ता वाढवावी. १९९४मध्ये ह्यूस्टनमध्ये पाचवीच्या वर्गापासून सुरू झालेला किप हा उपक्रम पुढच्या वर्षी ह्यूस्टन आणि साउथ ब्राँक्स अशा दोन ठिकाणी आणि पुढे देशभर पसरला. त्याच्या प्रारंभीच्या शाळांनी पाचवीपासून आठवीपर्यंत असाच पायरीपायरीने विस्तार केला. या पद्धतीत शाळेच्या सवयी आधीची मुले नव्यांना शिकवतात आणि शिक्षकही थोडेथोडे वाढतात. अडचण अशी की वरच्या इयत्तांतून मुले गळत जातात आणि पट सुळक्यासारखा निमुळता होतो. रिकाम्या जागी मधल्या इयत्तेत नवी मुले घ्यायची की नाही, हे पहिल्या वर्षीच ठरवावे. मी घ्यावीत या मताचा आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेने जागा रिकामी ठेवून निकाल चांगला दाखवणे मला पटत नाही.

तिसऱ्या वर्षी तीन गोष्टी एकदम येतात: इमारत अपुरी पडते, सुरुवातीचे अनुदान संपते आणि पहिल्या दिवसापासून राबलेली माणसे थकतात. म्हणून दुसऱ्या वर्षीच उपमुख्याध्यापक तयार करावा, दुसऱ्या जागेचा शोध सुरू करावा आणि अनुदानातून भरलेली पदे नियमित उत्पन्नावर कशी येतील, हे मांडावे. दुसरी शाळा काढण्याचे आमंत्रण याच सुमारास येते. पहिल्या शाळेच्या सनदेचे एक नूतनीकरण झाल्याखेरीज ते स्वीकारू नये.

नूतनीकरण

स्टॅनफर्डच्या क्रेडो केंद्राच्या २००९च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळांची कामगिरी तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा चांगली, ३७ टक्क्यांची वाईट आणि उरलेल्यांची सारखीच आढळली होती. त्याच केंद्राच्या २०२३च्या अभ्यासात चार्टरमधील मुलांची सरासरी प्रगती वाचनात सुमारे १६ आणि गणितात सुमारे ६ शालेय दिवसांइतकी अधिक दिसली. शाळाशाळांतील फरक मात्र तेव्हाही मोठा होता आणि आजही आहे. त्यामुळे ऑथरायझर सरासरीकडे नव्हे तर तुमच्या शाळेच्या आकड्यांकडे पाहतो: इयत्तानिहाय प्रगती, गळती, लेखापरीक्षणातील शेरे, बोर्डाची इतिवृत्ते, विशेष शिक्षणाच्या नोंदी. हे सगळे मुदतीच्या शेवटच्या वर्षी जमवायला बसू नये; पहिल्या वर्षापासून दर जूनमध्ये एक वार्षिक धारिका पूर्ण करून ठेवावी.

सनदेच्या करारातच शाळा बंद करण्याची कार्यपद्धती असते आणि सही करताना ती सहसा कोणी वाचत नाही. शिल्लक मालमत्ता कोणाकडे जाईल, शेवटचे लेखापरीक्षण आणि पगार यांसाठी किती रक्कम राखून ठेवायची, मुलांचे दाखले आणि गुणपत्रके कोणाच्या ताब्यात द्यायची आणि पालकांना किती दिवस आधी कळवायचे, हे त्यात असते. राखीव रकमेचे खाते पहिल्याच वर्षी उघडावे, आणि दाखल्यांची डिजिटल प्रत शाळेच्या इमारतीबाहेर, दर सत्राअखेर अद्ययावत करून ठेवावी.